ओ ग्रुपची बायको नवऱ्याचे शुक्राणू मारते म्हणे! साफ खोटं आहे हे

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, "पत्रिका नको, रक्तगट जुळवा" अशा मथळ्याचा. रामबागेतल्या मंडळाच्या ग्रुपवर आला, सुदामा नगरच्या भिशीच्या ग्रुपवर आला, मी वाचून सोडून दिला. पण परवा माझ्या भाचीच्या सासूबाईंनी तो तिला पर्सनलवर पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, मी म्हणत होते ना, तुझ्यातच काहीतरी आहे." भाची ओ पॉझिटिव्ह, जावई ए पॉझिटिव्ह, लग्नाला तीनेक वर्षं झाली, मूल नाही. पोरगी रात्री मला फोन करून विचारते, मावशी, खरंच माझं शरीर त्यांचे शुक्राणू मारतंय का गं? माझा अर्धा जन्म ब्लड बँकेत टेक्निशियन म्हणून गेलाय, त्यामुळे आता गप्प बसणं मला जमणार नाही.

मेसेज काय म्हणतो ते आधी सांगते, म्हणजे ज्यांच्याकडे अजून पोचला नाही त्यांनाही कळेल. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मूल होत नाही, झालं तर मतिमंद होतं. बायको ओ आणि नवरा ए, बी किंवा एबी असेल तर बायकोचं शरीर शुक्राणूंना "चुकीचं रक्त" समजून मारून टाकतं, आणि हे म्हणे नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने १९२६ सालीच सिद्ध केलंय. एबी नवऱ्याचे अर्धे शुक्राणू ए आणि अर्धे बी असतात, त्यामुळे योग्य दिवस निवडून हवं तसं मूल मिळवता येतं. निगेटिव्ह बायकांना देतात ते इंजेक्शन म्हणजे डॉक्टरांची कमाई, पहिलं बाळ तर इंजेक्शनशिवायही ठीकच होतं. आणि शेवटी उपाय, नवऱ्याचं थोडं रक्त काढून बायकोला टोचायचं म्हणजे तिच्या शरीराला "सवय" होते, त्यासाठी खाली नंबर.

पहिले दोन मुद्दे एकत्र ठेवून बघा. ओ ग्रुपच्या मुलीने ओ ग्रुपचा मुलगा केला तर तो "एकच रक्तगट" म्हणून वाईट, आणि ए, बी, एबी केला तर ती शुक्राणू मारणार म्हणून वाईट. म्हणजे ओ ग्रुपच्या मुलीला जगात कुठलाच नवरा चालत नाही! आपल्या देशात ढोबळमानाने शंभरात ३७ लोक ओ, ३२ बी, २३ ए आणि ८ एबी धरले तर रक्तगट न बघता लावलेल्या शंभर लग्नांतली ३० एकाच गटाची निघतात आणि आणखी २३ लग्नांत बायको ओ आणि नवरा दुसऱ्या गटाचा. अर्ध्याहून जास्त जोडपी झाली ही. मेसेज खरा असता तर आपल्या प्रत्येक गल्लीतली अर्धी घरं मुलांवाचून असती, आणि हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या काकू-मावशींपैकी निम्म्या जणी कधी आई झाल्याच नसत्या.

आता शुक्राणूंचा मुद्दा. यावर मी सविस्तर लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान हाच करतोय, आणि यात एक तुकडा खरा आहे म्हणून तो लोकांना पटतोही. १९२६ साली कार्ल लँडस्टायनर आणि फिलिप लेव्हिन यांनी माणसाच्या शुक्राणूंवर रक्तगटाचे पदार्थ सापडतात असा शोधनिबंध खरंच छापला होता. लँडस्टायनर म्हणजे ज्यांनी व्हिएन्नात रक्तगट शोधले ते, १९३० चं नोबेल त्यांनाच मिळालं. तर शुक्राणूंवर ए आणि बी असू शकतात, हे मी मान्य करते. पण "सापडतात" आणि "म्हणून बायको त्यांना मारते" यात फार मोठं अंतर आहे, आणि १९२६ नंतर विज्ञान थांबलं नव्हतं.

आधी हे ए आणि बी असतात काय ते. पेशीच्या पृष्ठभागावर एच नावाची एक साखरेची साखळी असते, तिला टोकाला एक साखर जोडली की ए होतो, वेगळी जोडली की बी, काही साखळ्यांना ही आणि काहींना ती जोडली की एबी, काहीच नाही जोडलं तर नुसता एच राहतो, तोच ओ गट. पण हे पदार्थ फक्त रक्तात असतात असं नाही. पाचातल्या साधारण चार माणसांत ते लाळेत, घामात, आणि पुरुषांच्या बाबतीत वीर्याच्या पाण्यातही विरघळलेले असतात. अशा माणसांना आमच्या भाषेत सिक्रेटर म्हणतात आणि राहिलेल्या एकाला नॉन-सिक्रेटर. हे ठरवणारा जीन १९ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, आणि रक्तगट ए की बी ते ठरवणारा ९ नंबरवर. दोन्ही वेगवेगळे. त्यामुळे माणूस ए गटाचा आहे एवढ्यावरून त्याच्या वीर्यात ए आहे की नाही ते कळतच नाही.

१९६४ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स, फर्ग्युसन आणि कूम्ब्स या तिघांनी नेमकं हेच तपासलं. पद्धत साधी होती आणि आम्ही ब्लड बँकेत रोज जे करतो त्याच्याच घरातली. आमच्याकडे टाइलवर रक्ताचे दोन थेंब घ्यायचे, एकात निळं अँटी-ए, म्हणजे ए ला धरणारं द्रव, टाकायचं, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, काडीने फिरवायचं, टाइल हळूहळू हलवायची आणि बघत राहायचं, निळ्यातलं रक्त फाटल्यासारखं होऊन बारीक गुठळ्या दिसल्या की ए. त्यांनी शुक्राणूंना आधी अँटी-ए लावलं, जास्तीचं धुऊन काढलं, मग ए गटाच्या लाल पेशी सोडल्या. शुक्राणूवर ए असेल तर अँटी-ए दोन्हीकडे धरतं आणि लाल पेशी शुक्राणूला चिकटलेल्या मायक्रोस्कोपखाली दिसतात, नसेल तर शुक्राणू मोकळाच राहतो. निघालं काय, तर सिक्रेटर पुरुषांच्या शुक्राणूंवर ए-बी सापडले, नॉन-सिक्रेटरच्या नाही. म्हणजे हा पदार्थ मुख्यतः शुक्राणूचा स्वतःचा नव्हेच, वीर्याच्या पाण्यातून त्याला वरून लागलेला असतो. पोह्यावर आपण जिरावन, आपला इंदुरी मसाला, भुरभुरवतो तसं, पोह्यात ते शिजलेलं नसतं. त्याच सुमारास बोएचर नावाच्या शास्त्रज्ञानेही ऑस्ट्रेलियात हेच दाखवलं.

आणि हे एडवर्ड्स म्हणजे कोण? पुढे ज्यांच्या कामातून १९७८ साली लुईस ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि ज्यांना २०१० चं नोबेल मिळालं तेच. ज्या माणसाने आयुष्यभर मूल न होणाऱ्या जोडप्यांसाठी काम केलं त्याने शुक्राणूंवरचे रक्तगट स्वतः तपासलेत, आणि आमचे लोक खाली नंबर दिलेल्या मेसेजवर विश्वास ठेवतात!

या एका शोधाने मेसेजचं काय होतं बघा. आमच्या जावयासारखा ए गटाचा माणूस घ्या, ज्याच्याकडे एका पालकाकडून ए आणि दुसऱ्याकडून ओ आलाय. त्याचे निम्मे शुक्राणू ए चा जीन घेऊन जातात, निम्मे ओ चा. पण वरून लागलेला ए दोघांनाही सारखाच लागतो, कारण दोघे एकाच पाण्यात पोहतायत. मेसेज खरा असता तर अशा सिक्रेटर नवऱ्याचे सगळेच शुक्राणू ओ बायकोने मारले असते, तिला ए मूलही झालं नसतं आणि ओ मूलही नाही. प्रत्यक्षात? बाळंतिणींच्या वॉर्डातून आमच्याकडे आई आणि बाळाचे सँपल जोडीने येतात. आई ओ, बाळ ए. आई ओ, बाळ बी. रोज येतात हो, कुणी मान वर करूनही बघत नाही इतकं नेहमीचं आहे ते. आईच्या रक्ताला न जुळणाऱ्या गटाचं बाळ साधारण दर पाच गरोदरपणांत एक असतं. ही सगळी बाळं कुठून आली मग?

अजून एक पुरावा आपल्या मुंबईतलाच आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अत्यंत दुर्मिळ रक्तगट पहिल्यांदा नोंदवला, ज्याला जगभर आजही बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. या लोकांच्या रक्तात एच सुद्धा नसतो आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे परक्या पदार्थाला धरणारं शरीराचं हत्यार, असते, म्हणून त्यांना ओ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बेच लागतं. मेसेजच्या हिशोबाने या गटाच्या बाईच्या शरीराने ए, बी, एबी आणि ओ अशा सगळ्याच सिक्रेटर पुरुषांचे शुक्राणू मारायला हवेत. तरी या बायकांना मुलं होतात. त्यांच्या बाळंतपणाला रक्त मिळवताना ब्लड बँकांची धावपळ होते, पण दिवसच राहत नाहीत असं नाही.

"चुकीचं रक्त" ही तुलनाच मुळात चुकीची आहे. चुकीची बाटली लागली की लाखो-कोट्यवधी लाल पेशी सरळ शिरेत जातात, तिथे अँटीबॉडी भरपूर असते, म्हणून त्या फुटतात आणि माणूस मरू शकतो. शुक्राणू शिरेत जात नाहीत. कोट्यवधी निघतात आणि नळीपर्यंत काही शेच पोचतात हे खरंय, पण ते कुठल्याही रक्तगटाच्या जोडप्यात असंच होतं, योनीतल्या आम्लामुळे, दाट स्रावामुळे, वाटेतच दमून.

आता जे थोडं खरं आहे ते सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी कॉमेंटमध्ये आणून टाकेलच. काही बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या स्रावात अँटी-ए, अँटी-बी सापडल्या आहेत. १९६० साली बेहरमन आणि सहकाऱ्यांनी, कारण न सापडलेल्या वंध्यत्वाच्या जोडप्यांत न जुळणारे रक्तगट जास्त दिसतात, असा निबंधही लिहिला होता. त्या काळी त्यावर बरीच चर्चा झाली. पण पुढच्या अभ्यासांत ते काही टिकलं नाही, आणि आज मूल होत नाही म्हणून तपासायला गेलात तर कुठलाही नीट डॉक्टर ए-ओ जुळत नाही म्हणून उपचार करत नाही. शुक्राणूंविरुद्ध अँटीबॉडी ही गोष्ट खरी असते, पण ती वेगळी. पुरुषाला मार लागला, इन्फेक्शन झालं, नसबंदी झाली की त्याच्याच शरीरात अशी अँटीबॉडी तयार होऊ शकते. रक्तगटाशी तिचा संबंध नाही.

एकच रक्तगट म्हणजे मतिमंद मूल, यावर जास्त लिहावंसंही वाटत नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नात काही आजारांची जोखीम वाढते, ते लोकांनी रक्तगटाला चिकटवलंय. तुम्ही दोघं बी पॉझिटिव्ह आहात म्हणून भाऊ-बहीण होत नाही, माणसात वीस हजारांच्या आसपास जीन आहेत आणि त्यातला हा एक. एबी नवऱ्याचे अर्धे-अर्धे शुक्राणू असा दावा १९५७ च्या एका निबंधात होता, तो वरच्या जिरावनातच निकालात निघाला, आणि तसंही मुलगा-मुलगी एक्स-वाय वर ठरतं, ए-बी वर नाही.

पण निगेटिव्ह बायकांच्या इंजेक्शनबद्दल जे लिहिलंय ते वाचून मला खरंच राग आला, कारण यात बाळ जातं.

नीट वाचा आणि घरात कुणी निगेटिव्ह असेल तर तिला वाचायला द्या. आरएच म्हणजे डी हा प्रोटीन लाल पेशींवर असतो (नसला की निगेटिव्ह), वीर्याच्या पाण्यात नाही, त्यामुळे नवरा-बायकोच्या संबंधातून काही होत नाही. अडचण गरोदरपणात येते. आई निगेटिव्ह, बाप पॉझिटिव्ह, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर मुख्यतः बाळंतपणाच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. आईचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागतं. तोपर्यंत हे बाळ बाहेर आलेलं असतं म्हणून पहिलं बाळ बहुतेक वेळा ठीक असतं, मेसेजवाल्याने एवढंच अर्धं वाक्य उचललंय. पुढच्या वेळी ती अँटीबॉडी आधीच तयार असते, ती वार ओलांडून पोटातल्या बाळाच्या लाल पेशी फोडते. बाळ पांढरंफटक, अंगावर सूज, जन्मल्यावर भयंकर कावीळ, कधी पोटातच जातं. आणि एकदा ती अँटीबॉडी तयार झाली की परत घालवता येत नाही. अँटी-डी इंजेक्शन ती तयारच होऊ देत नाही, १९६८ पासून जगात वापरात आहे. सातव्या महिन्यात, २८ आठवड्यांच्या सुमारास एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. गर्भपात झाला, पिशवी साफ केली, नळीत गर्भ राहिला, तरीही लागतं, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. दोन-चार हजाराचं इंजेक्शन आहे. आपल्याकडे शंभरात पाच-सहा जण निगेटिव्ह, म्हणजे प्रत्येक मोठ्या कुटुंबात एखादी निघतेच. तिच्या फाइलमध्ये आयसीटी असं लिहिलेलं असतं ना, ती इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, आईच्या रक्तात अशी अँटीबॉडी आहे का ते बघणारी, वर ज्यांचं नाव आलं त्याच कूम्ब्सची, १९४५ ची. ती करून घ्या आणि इंजेक्शन चुकवू नका. कुणी कमाई म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

ओ आई आणि ए किंवा बी बाळ असेल तर बाळाला पहिल्या एक-दोन दिवसांत कावीळ दिसू शकते, हेही खरं. बहुतेक वेळा निळ्या लाइटखाली ठेवून उतरते. बालरोगतज्ज्ञांना आईचा गट सांगून ठेवा एवढंच.

आता तो उपाय. नवऱ्याचं रक्त बायकोला टोचा! १९३९ साली लेव्हिन, तेच लँडस्टायनरचे सहकारी, यांनी स्टेटसन यांच्यासोबत एका बाईची केस छापली. तिचं बाळ पोटातच गेलं होतं, तिला रक्त हवं होतं, नवऱ्याचा गटही ओ आणि तिचाही ओ, म्हणून नवऱ्याचं दिलं आणि तिला जोरदार रिअॅक्शन आली. बाळाच्या अंगात बापाकडून आलेल्या एका पदार्थाविरुद्ध तिच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाली होती, तोच पदार्थ नवऱ्याच्या रक्तातही होता. आरएचची गोष्ट पुढे यातूनच उलगडत गेली. म्हणून मूल व्हायच्या वयाच्या बाईला शक्यतो नवऱ्याचं रक्त देऊ नये असं आम्ही शिकलोय, आणि इथे तेच औषध म्हणून विकतायत. पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून टोचायचा प्रकार वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांसाठी मोठ्या दवाखान्यांतही चालायचा, १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याची मोठी चाचणी छापून आली, फायदा शून्य. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, संशोधनाबाहेर तो देणं थांबवायला सांगितलं. निगेटिव्ह बाईला पॉझिटिव्ह नवऱ्याचं रक्त टोचलं तर जे अँटी-डीने टाळायचं असतं तेच स्वतःच्या हाताने घडवून आणलं. वर इन्फेक्शनची भीती वेगळीच.

भाचीच्या सासूबाईंना माझा एकच प्रश्न आहे. तीन वर्षांत सुनेची सोनोग्राफी झाली, थायरॉइड झालं, नळ्यांचा फोटो झाला, दोन देव झाले, तुमच्या मुलाचा वीर्याचा रिपोर्ट कुठे आहे? साधी तपासणी आहे, सुई नाही, अॅडमिट होणं नाही. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादा दिलीय, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि हलणारे किमान ४२ टक्के. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूने काही ना काही निघतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. मग तीन वर्षं एकटी सून का तपासली जाते आणि तिच्याच रक्तगटावर खापर का फुटतं? माझ्या बहिणीला विहीणबाईंशी बोलायला संकोच वाटतो, मला नाही वाटत. जावयाशी मी स्वतः बोलले, तो शहाणा मुलगा आहे, येत्या आठवड्यात जातोय. आणि भाचीला सांगितलंय, सोन्या, तुझा ओ आहे तसाच राहू दे, त्याने कुणालाही मारलेलं नाही.

लग्नाआधी रक्त जुळवायचंच असेल तर मुलाची आणि मुलीची एचबी-ए-टू टेस्ट करा, म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक ओळखणारी हिमोग्लोबिनची तपासणी, लॅबला एचपीएलसी पद्धतीने करायला सांगा. शंभर-दोनशेत होत नाही, थोडे जास्त पैसे लागतात, पण आयुष्यात एकदाच करायची असते. थॅलेसेमियाचे वाहक आपल्या देशात शंभरात तीन-चार जण आहेत, दिसायला एकदम धडधाकट, थोडं हिमोग्लोबिन कमी इतकंच, म्हणून कुणाला पत्ताच नसतो. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की मुलाला थॅलेसेमिया मेजर होईल, म्हणजे जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त. त्या मुलांना घेऊन येणारे आई-बाप मी वर्षानुवर्षं बघतेय. त्याच टेस्टमध्ये सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक आजारही दिसतो, आणि मध्य प्रदेशात तो किती आहे हे काही लपलेलं नाही, २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं देशाचं मिशन शहडोलहूनच सुरू झालं. टेस्टच्या आधी लोह फार कमी असेल तर रिपोर्ट फसवू शकतो, म्हणून सोबत सीबीसी करा आणि दोन्ही कागद डॉक्टरांना एकत्र दाखवा. दोघांपैकी एकाचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी लग्नाला काहीच हरकत नाही.